दोन काळांच्या मल्लांची जोड

मैदानातील शेवटची मोठी कुस्ती निकाली होते, हलगीचा कडकडाट थांबतो आणि लोक आपापल्या गावच्या वाटेला लागतात. त्या वाटेवर एक वाद हटकून निघतो. आज जिंकलेला हा मल्ल पूर्वीच्या अमक्या मल्लापुढे टिकला असता काय? वयोवृद्ध मंडळी मान हलवून म्हणतात, ‘छे, ते पाणीच निराळे होते!’ तरुण मंडळी म्हणतात, ‘आजचा वेग त्यांना झेपलाच नसता.’ रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या भूमीत कुस्तीपेक्षा हुतुतूचा डाव अधिक रंगतो हे खरे. तथापि आंबा घाट चढून गेले की कोल्हापूरचा मुलूख लागतो, आणि तेथील तालमींचा लौकिक कोकणातही फार दिवसांपासून ऐकू येत आला आहे. त्यामुळे हा वाद समुद्रकाठच्या गावांनाही परका नाही.

वरवर पाहता हा वाद निष्फळ वाटतो. मेलेला मल्ल आखाड्यात उतरत नाही आणि जिवंत मल्लाला मागच्या शतकात पाठविता येत नाही. परंतु या वादाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. पूर्वजांच्या पराक्रमाचे मोल कोणत्या मापाने करावयाचे? जुने ते सारे थोर असे मानले, तर आज घाम गाळणाऱ्या तरुणावर अन्याय होतो. नवे ते सारे श्रेष्ठ असे मानले, तर ज्यांनी काही साधन नसता वाट पाडली त्यांच्यावर अन्याय होतो. हा न्याय कसा करावा, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

कुस्तीच्या भाषेत ‘जोड’ हा शब्द मोठ्या अर्थाचा आहे. गावच्या जत्रेत रेवड्यांवर खेळणाऱ्या मुलांपासून इनामाच्या कुस्तीसाठी आलेल्या नामांकित मल्लांपर्यंत प्रत्येकाची जोड लावावी लागते. दोघे एकमेकांशेजारी उभे केले जातात; पंच त्यांचे वय, उंची, मानेची व मांडीची ठेवण आणि तालमीची तयारी डोळ्यांनी तोलतात; आणि मग त्यांचे हात वर करून ही जोड लोकांना दाखवितात. जोड विजोड असली तर प्रेक्षकच ओरड करितात. म्हणजे कुस्ती सुरू होण्यापूर्वीच तुलनेचे काम झालेले असते, आणि ते करणाऱ्यांच्या पुढे दोन्ही देह प्रत्यक्ष उभे असतात.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतात श्रीकृष्ण, भीम आणि अर्जुन हे तिघे जरासंधाच्या नगरीत गेले, आणि तिघांपैकी कोणाशी लढावयाचे हे त्याने स्वतःच ठरवावे असे त्याला सांगितले. जरासंधाने भीमाची निवड केली. आपल्या तोलाचा प्रतिस्पर्धी निवडणे ही बलाढ्य पुरुषाची प्रतिष्ठा होती. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांचे वय आणि बळ पाहून त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. समानांची समानांशी गाठ घालावी हे तत्त्व आजच्या वजनगटांच्या किती तरी आधी या भूमीत ठाऊक होते. मात्र ही सारी जोड एका काळातील दोघांची होती. दोन काळांतील दोघांची जोड लावण्याचा हट्ट अलीकडचा आहे.

या हट्टाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला, आणि तो नभोवाणीवरच झाला हे विशेष. १९६७ साली मरे वोरोनर नावाच्या एका निर्मात्याने मुष्टियुद्धातील वजनदार गटाच्या जुन्या-नव्या विजेत्यांची एक काल्पनिक स्पर्धा योजिली. प्रत्येक योद्ध्याची उंची, वजन, ठोशाची ताकद, सोसण्याची शक्ती, चपळाई इत्यादि गोष्टींचे आकडे संगणक यंत्रात भरले. यंत्राने दिलेल्या निकालावरून लढतीचे धावते वर्णन रचिले. आणि ते लोकांना ऐकविले. कित्येक वर्षांपूर्वी निवृत्त अथवा दिवंगत झालेले योद्धे ध्वनिरूपाने पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. त्या स्पर्धेत रॉकी मार्सियानो हा सर्वश्रेष्ठ ठरला. त्याने १९५६ साली निवृत्त होईपर्यंत ४९ लढती केल्या होत्या आणि एकही गमावली नव्हती.

यंत्राच्या या निकालात महंमद अली याला जुन्या काळच्या जेम्स जेफ्रीजकडून पराभूत ठरविण्यात आले. अली त्या वेळी प्रत्यक्षात अजिंक्य होता. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले होते आणि त्याला आखाडा बंद झाला होता. जिवंत माणसाला यंत्राने हरवावे हे त्याला सहन झाले नाही; त्याने न्यायालयात दावा लावला. त्या तंट्यातूनच अली आणि मार्सियानो या दोघांना समोरासमोर आणून चित्रपट घेण्याची तडजोड निघाली. निवृत्त होऊन एक तप लोटलेल्या मार्सियानोने त्यासाठी वजन उतरविले आणि टक्कल झाकण्याकरिता केसांचा टोप घातला. १९६९ साली दोघांनी एकेक मिनिटाच्या पुष्कळ फेऱ्या कॅमेऱ्यापुढे खेळून दाखविल्या. निरनिराळे शेवटही चित्रित करून ठेविले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतील प्रेक्षकांनी पाहिले की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळविले. युरोपात मात्र जो शेवट दाखविण्यात आला, त्यात अलीचा विजय होता! एकाच लढतीचे दोन खंडांत दोन निकाल लागले. यंत्राने सांगितलेले सत्य समुद्र ओलांडताच पालटले, एवढ्यावरून त्याची किंमत कळते.

यंत्राचा दोष गणिताचा नव्हता. त्याच्या पोटात जे आकडे भरले ते माणसांच्या मतांवरून घेतलेले होते, आणि मतांची बेरीज केली म्हणजे तिचे ज्ञान होत नाही. शिवाय काही गोष्टी आकड्यांत सापडतच नाहीत. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सी जेस विलार्डपुढे उभा राहिला, तेव्हा डेम्प्सीचे वजन १८७ पौंड आणि विलार्डचे २४५ पौंड होते. उंचीतही विलार्ड पुष्कळ वरचढ होता. नुसत्या आकड्यांवर पैज लावणाऱ्याने विलार्डचीच बाजू घेतली असती. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा खाली पाडले.

नियमांचे बळ तर योद्ध्यांच्या बळाहून कमी नसते. याच डेम्प्सीने १९२७ साली शिकागो येथे जीन टनीला खाली पाडले. परंतु पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिल्याखेरीज पंचाने अंक मोजू नयेत असा नियम त्या लढतीस लागू होता. डेम्प्सी जुन्या सवयीने जवळच घुटमळला, मोजणी उशिरा सुरू झाली, टनीला सावरण्यास वेळ मिळाला, आणि लढत टनीने जिंकली. जुन्या नियमाने कदाचित उलट घडले असते. त्याहून मागे पाहावे, तर जॉन सलिव्हन याने १८८९ साली उघड्या मुठींनी ७५ फेऱ्यांची झुंज जिंकली होती. तोच सलिव्हन १८९२ साली हातमोजे घालून झालेल्या लढतीत जेम्स कॉर्बेटच्या चपळाईपुढे २१ व्या फेरीत पडला. तीन वर्षांत त्याचे वय थोडे वाढले होते खरे. पण त्याहूनही, ज्या खेळाचा तो राजा होता तो खेळच पालटून गेला होता.

येथे कोणी धावण्याच्या शर्यतीचे उदाहरण देईल. तेथे घड्याळ आहे, तेव्हा तुलना सोपी आहे. १९३६ साली बर्लिन येथे जेसी ओवेन्सने १०० मीटर अंतर १०.३ सेकंदांत कापले. २००९ साली त्याच बर्लिन शहरात युसेन बोल्टने ते ९.५८ सेकंदांत कापले. हिशेब संपला असे वाटते. पण ओवेन्स राखेच्या धावपट्टीवर, पाय रोवण्यासाठी स्वतः उकरलेल्या खळग्यांतून धावला होता. बोल्टच्या पायांखाली रबरी पट्टी होती आणि पाठीशी विज्ञानाची ७० वर्षे होती. घड्याळ वेळ सांगते, भूमी सांगत नाही. ज्या खेळात घड्याळाने निकाल लागत नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर निकाल लागतो, त्या कुस्तीत हा पेच शतपट होतो.

कुस्तीतील याचा बोलका दाखला म्हणजे गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्या दोन लढती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे गादीवर त्यांची पहिली गाठ पडली. उंचीने बेताच्या गामाने झिबिस्कोला सुरुवातीलाच खाली घेतले. त्यानंतर तो अवजड मल्ल पोटावर पडून गादीस जो चिकटला, तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच राहिला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या कुस्तीस झिबिस्को आलाच नाही, आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. त्यानंतर सतराहून अधिक वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, पतियाळा येथे तेच दोघे मातीच्या आखाड्यात पुन्हा भिडले. या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

माणसे तीच. दोघेही पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले, म्हणजे वयाचा भारही दोघांवर सारखाच. तरी एकदा अडीच तासांत निकाल लागत नाही आणि दुसऱ्यांदा एका मिनिटात लागतो. लंडनला गादी होती, पतियाळ्याला माती होती. पहिल्या वेळी झिबिस्कोने केवळ न हरण्याचा निश्चय केला होता. दुसऱ्या वेळी आखाडा, हवा, प्रेक्षक आणि रिवाज हे सारे गामाच्या घरचे होते. प्रत्यक्ष दोन वेळा भिडलेल्या दोघांविषयीही ‘श्रेष्ठ कोण’ याचे एकच उत्तर देताना जेथे जपावे लागते, तेथे कधीच न भेटलेल्या दोघांविषयी छातीठोक बोलणे हे धाडसच होय. बडोद्याच्या संग्रहालयात गामाने उचललेला म्हणून एक प्रचंड शिलाखंड दाखवितात. दगडाचे वजन करता येते. तो कसा उचलला, किती उचलला, किती क्षण धरला, हे दगड सांगत नाही.

आता आपल्या अगदी जवळचा आखाडा घ्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून कोल्हापुरात कुस्तीचे मैदान बांधण्याचा संकल्प केला, आणि १९१२ साली खासबाग मैदान पुरे झाले. मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने कोठेही बसलेल्या माणसास मल्ल स्पष्ट दिसतात. मैदानाच्या आरंभीच्या मोठ्या कुस्तीत गामाचा धाकटा बंधू इमामबक्ष याने गुलाम मोहिद्दीन याला हरविले. त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी, १९६२ साली, जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत सुवर्णपदक मिळविले आणि ग्रीको-रोमन प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत शिराळ्याकडील पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्य अशी उलट जोडी साधली.

इमामबक्ष आणि मारुती माने यांची जोड लागली असती तर? खासबागेच्या मातीत, वेळेचे बंधन नसता, पाठ लागेपर्यंत कुस्ती चालावयाची असती, तर इमामबक्षाचे पारडे जड धरावे लागेल. त्याची सारी घडण निकाली कुस्तीची होती. मातीच्या कुस्तीत पाठ क्षणभर जमिनीकडे झुकली तरी तिचा हिशेब होत नाही. दोन्ही खांदे टेकले तरच निकाल. त्यामुळे तेथील मल्ल धोका पत्करून डाव लावतो, आणि प्रतिपक्ष दमेपर्यंत वाटही पाहतो. जाकार्त्याच्या गादीवर मात्र मारुती मान्यांचे पारडे जड होईल. गादीवर पाठ धोक्यात आली की प्रतिपक्षाला गुण जातात, घड्याळ पुढे सरकत असते, आणि ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली हात लावण्याचीच मनाई असते. मातीत वाढलेल्या मल्लाने हे दोन्ही प्रकार आत्मसात करून एकाच स्पर्धेत दोन्हींत पदक मिळवावे, ही इमामबक्षाच्या काळात कोणी मागितलीच नव्हती अशी विद्या होती. म्हणजे आखाडा कोणाचा हे सांगितल्यावाचून या प्रश्नास उत्तर नाही; आणि आखाडा सांगितला की उत्तर अर्धे दिलेलेच असते.

महाराष्ट्राने या अडचणीतून एक व्यवहारी मार्ग काढिला आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोहोंतील विजेत्यांची शेवटची कुस्ती होऊन मानाची गदा दिली जाते. ही एका अर्थी जुन्या आणि नव्या युगाचीच कुस्ती होय. एकाच वर्षातील दोन तरुणांत ती लागते म्हणून तिचा निवाडा करता येतो.

या साऱ्या विचारात ज्यांचे नाव टाळताच येत नाही ते खाशाबा जाधव. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सर्वांत हलक्या गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या या तरुणाला आंतरराष्ट्रीय नियमांची आणि गादीची खरी ओळख तेथे झाली. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची ददात होती. गावोगावी वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी ५७ किलोंच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे वैयक्तिक पदक देशाला १९९६ साली मिळाले. मध्ये ४४ वर्षे गेली.

योगायोग असा की त्याच ५७ किलोंच्या गटात पुढे आणखी दोन भारतीय मल्लांनी पदके जिंकली. कोरोनाच्या साथीमुळे २०२१ साली भरलेल्या टोकियोच्या स्पर्धेत हरियाणाच्या रविकुमार दहिया याने रौप्यपदक, आणि २०२४ साली पॅरिस येथे अमन सेहरावत याने कांस्यपदक मिळविले. वजन एकच, देश एकच, स्पर्धा एकच. काळाचे अंतर मात्र सात दशकांचे. काल्पनिक जोड लावण्याचा मोह व्हावा तर याच ठिकाणी व्हावा.

जोड लावून पाहावी. ५७ किलो हा आकडाही दोन्ही काळी एकाच अर्थाचा नाही. अमनने पदकाच्या कुस्तीआधी एका रात्रीत, सुमारे दहा तासांत, ४.६ किलो वजन घटविले; त्यासाठी प्रशिक्षक आणि मदतनीस रात्रभर जागले. म्हणजे आजचा ५७ किलोंचा मल्ल मूळ देहाने त्याहून भारी असतो. कुस्ती आज सहा मिनिटांची आहे. १९५२ साली ती पंधरा मिनिटे चालत असे. जपानच्या शोहाची इशीशी अशी दीर्घ कुस्ती होऊन हरल्यानंतर खाशाबांना विश्रांतीची वेळ पुरी न होताच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोव्हशी लढावे लागले, आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. आज असे घडणे कठीण आहे. आजच्या मल्लाजवळ मालिशवाला, वैद्य, आहारतज्ज्ञ आणि प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कुस्त्यांची चलचित्रे असतात.

तेव्हा आजच्या नियमांनी सहा मिनिटांची कुस्ती झाली, तर पायांवर विजेप्रमाणे झडप घालणारा आजचा मल्ल गुणांवर पुढे जाईल असे म्हणणे भाग आहे. ते अमान्य करणे म्हणजे सात दशकांत कुस्तीची विद्या तसूभरही वाढली नाही असे म्हणणे होय. परंतु कुस्ती पंधरा मिनिटांची धरली, वजन उतरविण्याची आजची युक्ती वगळली, तर दहा मिनिटांनंतर काय होईल? खाशाबांचा ढाक हा हुकमी डाव होता. प्रतिपक्षाला लपेटून एका हिसक्यात खाली आणणारा हा डाव गुण मोजत बसत नाही. आणि असा एक डाव कुस्तीचा सारा हिशेब पुसून टाकतो हे टोकियोतही दिसले. तेथे उपांत्य फेरीत रविकुमार एका वेळी २ विरुद्ध ९ असा मागे होता; शेवटच्या क्षणांत त्याने प्रतिस्पर्ध्याची पाठ लावली आणि गुणांचा फलक निरर्थक झाला. जुन्या आखाड्याचा कायदा नव्या गादीवरही अजून जिवंत आहे.

तरीही या जोडीचा निकाल ‘अमुक जिंकला’ अशा शब्दांत सांगणे योग्य नव्हे. खाशाबांना अमनची साधने मिळती तर ते कोण झाले असते, आणि अमनला वर्गणीच्या पैशांवर, परक्या गादीवर, एकट्याने लढावे लागते तर तो कोठे पोहोचला असता, हे दोन्ही प्रश्न खऱ्या तुलनेत यावयास हवेत. आणि ते आले की तुलनेचे माप आपोआप बदलते. मग दोन मल्लांनी एकमेकांना पाडले असते काय, हे पाहण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या काळाला किती पाडले हे पाहावे लागते. आपल्या काळच्या इतर मल्लांच्या तो किती वर होता? निघाला कोठून आणि पोहोचला कोठवर? त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी त्याने किती वाट सोपी केली? हे तीन प्रश्न कोणत्याही शतकातील मल्लाला विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे यंत्रावाचून मिळतात.

सामर्थ्य आरंभापासून मोजावे हे रत्नागिरीस तरी निराळे सांगावयास नको. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने अशक्त होते. त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात घालविले. परीक्षा हातची गेली, पण पुढे तुरुंगवासाचे आघात सोसणारे शरीर कमावले. त्यांची जोड कोणा मल्लाशी लावली असती तर ते हरलेच असते. पण निघाले कोठून आणि पोहोचले कोठवर, या मापाने त्या एका वर्षाचा व्यायाम कोणाही पहिलवानाच्या तालमीपुढे लाजणारा नाही.

खाशाबांना या मापाने मोजावयास हवे होते, आणि ते फार उशिरा झाले. १९५२ साली परत आल्यावर कऱ्हाडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तो लोकांचा मान होता. त्यांनी गहाण पडलेले घर सोडविण्यासाठी स्वतः कुस्त्या भरवून पैसे उभे केले. पुढे १९५५ साली ते पोलिस खात्यात शिरले, तेथे त्यांनी आयुष्य काढले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला तो २००० सालचा, मरणानंतर दीड तपाने. जो देश ४४ वर्षे दुसरे वैयक्तिक पदक मिळवू शकला नाही, त्याला पहिल्या पदकाची थोरवी कळावयास इतका काळ लागावा, यात खाशाबांचे काही उणे झाले नाही. उणे झाले ते आपले. त्यांच्या हयातीत तालमीतालमींतून हेच वाद चालले असतील, गामा मोठा की अमका मोठा. आणि ज्याच्याशी जोड लावावयास देशात कोणीही नव्हते, तो माणूस त्याच रस्त्यांवरून पोलिसी गणवेशात जात असेल.

म्हणून हा वाद बंद करावा असे नाही. तो माणसाच्या स्वभावातच आहे, आणि त्यात एक सद्गुणही आहे: वाद घालण्यासाठी जुनी नावे स्मरणात ठेवावी लागतात. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ अनेक खंडांत सिद्ध केला, त्यामुळे जुन्या डावांची, साधनांची आणि मल्लांची पुष्कळशी माहिती वाचली. तसे काम प्रत्येक तालुक्यात लहान प्रमाणावर होण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत ज्यांनी माती अंगाला लावली असे वृद्ध वस्ताद अजून आहेत. कोणत्या जत्रेत कोणाची जोड कोणाशी लागली, कुस्ती किती वेळ चालली, कोणत्या डावावर निकाल लागला, हे त्यांच्या तोंडून लिहून घेणे कोणाही विद्यार्थ्यास शक्य आहे. या नोंदी जमल्या म्हणजे पुढची पिढी जेव्हा हाच वाद घालील, तेव्हा तिला निदान दोन्ही मल्लांविषयी सारखीच माहिती असेल.

तोवर दोन काळांच्या मल्लांची जोड लावणाराने जत्रेतील पंचाचा धडा घ्यावा. तो दोघांना शेजारी उभे करतो, दोघांकडे सारख्याच आदराने पाहतो, आणि जोड जमत नाही असे दिसले तर ती मोडतो. त्यात दोघांपैकी कोणाचाही अपमान होत नाही.